कृत्तिका : सहा की सात?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त वरोर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



दिवाळीत पेढीवर चोपडापूजन होते. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून वीर संवत आणि विक्रम संवत घातला जातो व त्याखाली मिती लिहिली जाते : कारतक सुद एकम. वर्षभराचा सारा व्यवहार या एका ओळीखाली येतो. रकमा बदलतात, भागीदार बदलतात, कापडाच्या जागी किराणा येतो किंवा किराण्याच्या जागी औषधे येतात. पण नव्या वर्षाच्या आरंभी 'कारतक' हा शब्द कायम राहतो. हा शब्द आकाशातून आलेला आहे. कृत्तिका नावाचा तारकांचा एक लहानसा पुंजका आहे. ज्या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास घडते, तो कार्तिक. ज्या पुंजक्याच्या नावाने वर्षाचा जमाखर्च उघडतो, तो पुंजका प्रत्यक्ष ओळखणारी माणसे मात्र आज समाजात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून आजच्या प्रसंगी हा विषय.

प्रथम ओळख. कृत्तिका हे भरणी आणि रोहिणी यांच्यामधील नक्षत्र. रोहिणीचा ठळक तांबूस तारा बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या थोडे पुढे, पश्चिमेकडे, निळसर पांढऱ्या बारीक ताऱ्यांचा एक झुपका दिसतो. घाईने पाहणाऱ्यास तो धुक्याचा ठिपका वाटतो. क्षणभर नजर स्थिरावली की त्यातले तारे सुटे होऊ लागतात. संस्कृतात हे नाव प्रायः बहुवचनीच येते, कारण ती एक तारका नव्हे. 'बहुला' असेही तिचे जुने नाव आहे आणि त्यावरूनच कार्तिक महिन्यास 'बाहुल' व कार्तिकेयास 'बाहुलेय' म्हटले गेले. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी आपल्या 'अभिधानचिंतामणि' या कोशात कृत्तिकांचे हे नाव नोंदवून त्यांची देवता अग्नी असल्याचे सांगितले आहे. आचार्यांचा जन्म विक्रम संवत ११४५ च्या कार्तिक पौर्णिमेचा, हा योगही लक्षात राहण्याजोगा आहे.

कृत्तिका शब्दाच्या मुळाशी 'कृत्' म्हणजे कापणे हा धातू मानला जातो. म्हणूनच ज्योतिषग्रंथांत या नक्षत्राची आकृती वस्तऱ्यासारखी सांगितली आहे. श्वेतांबर परंपरेच्या 'सूर्यप्रज्ञप्ति'मध्ये ती वस्तरा ठेवण्याच्या घराची, म्हणजे म्यानाची, आहे. दिगंबर परंपरेच्या 'तिलोयपण्णत्ति'मध्ये ती विंझण्याची, म्हणजे पंख्याची, आहे. ज्याला जे दिसले ते त्याने सांगितले. कापडाच्या दुकानात रोज हाती येणारी कात्री आणि 'कातरणे' हे क्रियापदही त्याच धातूचे वंशज आहेत. दुकानदारास कृत्तिका इतक्या जवळच्या आहेत!

आता मूळ प्रश्न. कृत्तिकांत तारे किती?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु दोन वह्यांत एकाच मालाचे नग वेगवेगळे लिहिलेले आढळले, तर कोणताही सावध व्यापारी वही मिटून ठेवत नाही. तो गोदामात जाऊन माल मोजतो. येथे तशाच दोन वह्या आहेत. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेत कृत्तिकांची सात नावे येतात : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणिका. यांतील तीन नावांत अभ्र, मेघ आणि वर्षा स्पष्ट दिसतात. उलट जैन आगमांत 'समवायांग' हे अंगसूत्र संख्येच्या क्रमाने वस्तू सांगत जाते. त्यात सहाच्या समवायात कृत्तिका नक्षत्र सहा ताऱ्यांचे सांगितले आहे, आणि सातच्या समवायात मघा नक्षत्र सात ताऱ्यांचे. म्हणजे सूत्रकारांसमोर सहा आणि सात हे दोन्ही कप्पे होते आणि त्यांनी कृत्तिका विचारपूर्वक सहाच्या कप्प्यात ठेवल्या. दिगंबर ग्रंथांतही संख्या सहाच आहे. अन्य बाबतींत या दोन परंपरांच्या नक्षत्रविषयक तपशिलांत फरक सापडतात. येथे मात्र एकमत आहे.

महाभारताच्या वनपर्वातील स्कंदजन्माची कथाही सहाचीच साक्ष देते. सप्तर्षींच्या सात पत्नी. अग्नी त्यांच्यावर मोहित झाला. स्वाहेने एकेकीचे रूप घेऊन त्याला फसवले. सहा जणींची रूपे तिला घेता आली, परंतु अरुंधतीच्या पातिव्रत्यामुळे सातवे रूप तिला साधले नाही. पुढे बोभाटा झाला, सहा निरपराध स्त्रियांचा त्यांच्या पतींनी त्याग केला आणि अखेर त्या कृत्तिका होऊन आकाशात गेल्या. अरुंधती वसिष्ठाजवळ राहिली. सप्तर्षींतील वसिष्ठ ताऱ्याला चिकटून ती आजही दिसते. ज्या बालकाला या सहा मातांनी आपले मानले तो सहा मुखांचा षण्मुख कार्तिकेय. कथाकाराने सहाचा आकडा किती कसोशीने सांभाळला आहे! सात ऋषी, सात पत्नी, त्यांतून एक वजा, बाकी सहा. आकाशात दिसणारी शिल्लक जुळवण्यासाठीच कथेची ही रचना झाली असावी असे वाटते. निरपराध सहा जणींना घराबाहेर काढणाऱ्या ऋषींविषयी मात्र कथाकार फारसे बोलत नाही.

महाराष्ट्रात या कथेचा माग आजही आहे. पुण्याच्या पर्वतीवर कार्तिकेयाचे मंदिर आहे. स्त्रियांनी कार्तिकस्वामींचे दर्शन एरवी घ्यायचे नाही, कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना मात्र घ्यायचे, अशी रूढी राज्यात अनेक ठिकाणी पाळली जाते. मातांच्या नक्षत्रावर मातांना प्रवेश, असा त्यामागचा भाव दिसतो. जैन परंपरेतही षण्मुखाचे नाव आहे, ते वेगळ्या नात्याने : तेरावे तीर्थंकर श्री विमलनाथ भगवंतांचा यक्ष षण्मुख असून त्याचे वाहन मोर आहे.

ग्रीक लोकांनी या पुंजक्याला सात बहिणी मानले आणि एक बहीण हरवली, अशी कथा जोडून सहाचा हिशेब पुरा केला. जपानात या पुंजक्याचे नाव सुबारू. त्या नावाच्या मोटारींच्या चिन्हावर सहा तारे आहेत. हवाई बेटावरील मौना केआ या पर्वतशिखरावर जपानने उभारलेल्या मोठ्या दुर्बिणीलाही हेच नाव दिले आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा हा गोंधळ सहा आणि सात यांच्याभोवतीच का फिरावा?

याचे उत्तर ताऱ्यांच्या तेजात आहे. तेजाची प्रत मोजण्याची खगोलशास्त्राची पद्धत उलटी आहे : आकडा जितका मोठा तितका तारा मंद. कृत्तिकांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याची प्रत सुमारे २.९ आहे. त्याखालचे पाच तारे ३.६ ते ४.३ या प्रतींत येतात. म्हणजे सहा तारे झाले. त्यानंतरचा सातवा तारा एकदम पाचव्या प्रतीच्या पुढे जातो. शिवाय त्याचे तेज थोडे कमी-अधिक होत असते, आणि तो एका ठळक ताऱ्याला इतका खेटून आहे की त्या ताऱ्याच्या उजेडात लोपतो. सहा आणि सात यांच्यामध्ये निसर्गानेच पायरी ठेवली आहे. साधारण दृष्टीच्या माणसाला सहा दिसतात. निकोप दृष्टीच्या तरुणास निरभ्र, काळोख्या रात्री सात, आठ, कधी त्याहूनही अधिक दिसतात. केप्लरचा गुरू मेस्टलिन याने दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच अकरा तारे टिपले होते. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहून छत्तीस तारे रेखाटले. आज या पुंजक्यात हजाराहून अधिक तारे मोजले गेले आहेत.

तेव्हा 'समवायांग'मधील सहा ही संख्या डोळ्यांनी पाहून केलेली, स्वच्छ आणि प्रामाणिक नोंद आहे. तिला अधिक थोर ठरवण्यासाठी तिच्यात दुर्बिणीचे ज्ञान शोधू नये, आणि आजच्या हजार ताऱ्यांपुढे ती खोटी पडली असेही मानू नये. नुसत्या डोळ्याच्या मापाने ती आजही खरी उतरते आणि वरोरच्या किनाऱ्यावर कोणालाही पडताळता येते.

आगमांतील नक्षत्रविचार केवळ तारे मोजण्यापुरता नाही. 'सूर्यप्रज्ञप्ति' हा तर संपूर्ण हिशेबाचा ग्रंथ आहे, आणि व्यापारी समाजाने तो त्या दृष्टीने एकदा तरी पाहायला हवा. आचार्य मलयगिरींनी बाराव्या शतकात त्यावर संस्कृत टीका लिहिली. जंबूद्वीपात दोन सूर्य, दोन चंद्र आणि छप्पन नक्षत्रे, म्हणजे अठ्ठावीसांच्या दोन फेऱ्या, अशी त्यातील मांडणी. नक्षत्रे सत्तावीस न धरता अभिजितसह अठ्ठावीस धरली आहेत. चंद्राचा योग सहा नक्षत्रांशी पंधरा मुहूर्तांचा, सहांशी पंचेचाळीस मुहूर्तांचा, पंधरांशी तीस मुहूर्तांचा आणि एकट्या अभिजितशी ९ पूर्णांक २७/६७ मुहूर्तांचा सांगितला आहे. कृत्तिका तीस मुहूर्तांच्या गटात येतात. तीस मुहूर्त म्हणजे एक पूर्ण अहोरात्र. आता बेरीज करावी. सहा गुणिले पंधरा म्हणजे ९०, सहा गुणिले पंचेचाळीस म्हणजे २७०, पंधरा गुणिले तीस म्हणजे ४५०, एकूण ८१०. त्यात अभिजितचा वाटा मिळवला की ८१९ पूर्णांक २७/६७ मुहूर्त. तीसने भागले की २७ पूर्णांक २१/६७ दिवस. एखाद्या ताऱ्यापासून निघून चंद्र पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येण्याचा हा काळ. आधुनिक वेधांप्रमाणे तो २७.३२१७ दिवस आहे. फरक सुमारे बारा मिनिटांचा! घड्याळ नाही, दुर्बीण नाही, आणि सत्तावीस दिवसांच्या हिशेबात बारा मिनिटांची तूट. भागाकारातील सदुसष्ट कोठून आला हेही कळते : पाच वर्षांच्या युगाचे १८३० दिवस आणि त्यांत चंद्राच्या सदुसष्ट नक्षत्रफेऱ्या.

सूर्याचा हिशेब मात्र इतका चोख नाही. कृत्तिकेसारख्या समक्षेत्र नक्षत्राशी सूर्याचा योग १३ दिवस १२ मुहूर्त सांगितला आहे. सर्व नक्षत्रांची बेरीज केली की वर्ष ३६६ दिवसांचे निघते, म्हणजे खऱ्या वर्षाहून जवळजवळ पाऊण दिवसाने जास्त. पाच वर्षांत ही चूक पावणेचार दिवसांची होते आणि पंचवीस-तीस वर्षांत ऋतू डोळ्यांदेखत सरकतो. पुढील काळातील पंचांगकर्त्यांना हे गणित दुरुस्त करावे लागले. ग्रंथ आदरणीय आहे म्हणून त्याची तूट झाकणे हे काही ग्रंथाचा सन्मान करणे नव्हे.

तसेच अंतराविषयी. आगमांच्या लोकरचनेत सूर्य समतल भूमीपासून ८०० योजनांवर, चंद्र ८८० वर आणि नक्षत्रे ८८४ योजनांवर सांगितली आहेत. आजच्या वेधांनुसार कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. हे दोन आकडे ओढूनताणून एकत्र बसवण्याचा प्रयत्न काही उत्साही लेखक करतात. तो व्यर्थ आहे. लोकरचना हा श्रद्धेचा आणि साधनेचा भाग आहे. ताऱ्यांची संख्या, चंद्राची गती, पौर्णिमेचे नक्षत्र हा वेधाचा भाग आहे. पहिला भाग मंदिरात, दुसरा अंगणात. चारशे चाळीस प्रकाशवर्षांचा अर्थ असा की आज रात्री जो कृत्तिकांचा प्रकाश डोळ्यांत शिरेल, तो निघाला त्या सुमारास जगद्गुरू हीरविजयसूरी गंधारहून पायी विहार करत बादशहा अकबराच्या भेटीस फत्तेपूर सिक्रीकडे निघाले होते. ती भेट १५८३ ची.

कृत्तिकांवरील सर्वांत गाजलेला वाद मराठी माणसाने उभा केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूडचे. जन्म १८५३ चा. व्यवसायाने शिक्षक. आयुष्य अवघे पंचेचाळीस वर्षांचे; १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो मराठीत आहे, याचा प्रत्येक मराठी वाचकास अभिमान वाटावा. पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधान कोणत्या नक्षत्रावर करावे याची चर्चा चालली असता एक विधान येते : इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शेकडो वर्षे पंडितांनी हे वाक्य वाचले आणि ते पुढे गेले. दीक्षित थांबले. त्यांनी हे वाक्य साक्षीदाराचा जबाब मानले. ठीक पूर्वेस उगवायचे तर तारा खगोलीय विषुववृत्तावर असला पाहिजे. कृत्तिका आज तेथे नाहीत. त्या बऱ्याच उत्तरेस आहेत. मग त्या तेथे केव्हा होत्या?

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. एका फेरीस सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे संपातबिंदू दर बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो आणि ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागाही बदलत जातात. दीक्षितांनी गणित केले आणि उत्तर आले : इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. वैदिक याद्यांत नक्षत्रांची गणना कृत्तिकांपासून का सुरू होते आणि पुढे ती अश्विनीपासून का होऊ लागली, याचाही उलगडा याच सरकण्याने होतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' ग्रंथात मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ याहूनही मागे नेला होता. त्याच वर्षी जर्मनीत हर्मान याकोबी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले. हे याकोबी म्हणजे कल्पसूत्र आणि आचारांग यांचे इंग्रजी भाषांतरकार. जैन धर्म बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटवणारे तेच.

विरोधही तितकाच सबळ होता. जॉर्ज थिबो यांनी टिळक-याकोबींच्या मांडणीवर टीका केली. आणि हे थिबो म्हणजे १८८० मध्येच 'सूर्यप्रज्ञप्ति'वर विस्तृत निबंध लिहिणारे. पुढे विंटरनिट्झ यांनी आपल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात दुसरा अर्थ नोंदवला : कृत्तिका रात्री बराच वेळ पूर्वेच्या बाजूस दिसतात एवढेच त्या विधानातून निघते, आणि तसे घेतल्यास काळ इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराचा येतो. एका वाक्याच्या दोन अर्थांत जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर! वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. वाक्याचा सरळ अर्थ घेतला तर दीक्षितांचे गणित चुकत नाही. मात्र एकाच वाक्यावर सबंध इतिहासाची इमारत चढवणे सावध माणसास रुचणार नाही. दीक्षितांचे खरे ऋण त्यांच्या आकड्यापेक्षा त्यांच्या रीतीचे आहे. वचन थोर असो वा साधे, ते आकाशाशी ताडून पाहावे, ही ती रीत.

वरोरहून ही रीत सहज आचरता येते. गाव विषुववृत्तापासून सुमारे वीस अंश उत्तरेस आहे. येथून कृत्तिका आज ठीक पूर्वेस उगवत नाहीत. पूर्वेपासून सुमारे सव्वीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. हात पूर्ण लांब करून मूठ आकाशाशी धरली तर ती अंदाजे दहा अंश झाकते. तेव्हा पूर्वेपासून डावीकडे अडीच मुठी मोजाव्यात. शतपथाच्या वाक्यापासून आजपर्यंत गेलेला काळ या अडीच मुठींत मावला आहे. माथ्यावर येताना त्या डोक्यापासून जेमतेम चार अंश उत्तरेस असतात, म्हणजे जवळजवळ थेट डोक्यावर. मावळताना तितक्याच उत्तरेकडे झुकून समुद्रात उतरतात.

कोणत्या रात्री पाहावे, याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. कार्तिक पौर्णिमा हा कृत्तिकांचा दिवस खरा. चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचा विहार सुरू होतो, चार महिने थांबलेली शत्रुंजयाची यात्रा उघडते. द्राविड आणि वारिखिल्ल दहा कोटी मुनींसह याच तिथीस सिद्धाचलावर मोक्षास गेले, असे शास्त्र सांगते. ज्यांना पालिताणा गाठता येत नाही ते गावोगावी सिद्धाचलाच्या पटासमोर जाऊन भावयात्रा करतात. कापडावर रंगवलेला तो पट हा कापडाच्या सर्वांत धन्य उपयोगांपैकी एक म्हणावा. त्या संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हा समोरच्या क्षितिजावर पूर्णचंद्र उगवत असतो आणि कृत्तिका त्याच्या आसपास असतात. 'सूर्यप्रज्ञप्ति'मध्ये कार्तिकी पौर्णिमेस भरणी आणि कृत्तिका यांपैकी एकाचा योग सांगितला आहे. आजच्या पंचांगात कधी रोहिणीही येते. परंतु पूर्णचंद्राच्या उजेडात कृत्तिकांचे बारीक तारे बुडून जातात. ज्या रात्री त्या महिन्याला नाव देतात, त्याच रात्री त्या नीट दिसत नाहीत.

त्या पाहण्याची खरी रात्र पंधरा दिवस आधीची आहे : वीर निर्वाणाची अमावास्या. उत्तर भारताच्या पौर्णिमांत गणनेने ती कार्तिक वद्य अमावास्या, आणि कल्पसूत्रातही तिला कार्तिकच म्हटले आहे. महाराष्ट्र-गुजरातच्या अमांत गणनेने ती आश्विन म्हणजे आसो महिन्याची. रात्र एकच, नावे दोन. यावरून कोणी कोणाशी वाद घालू नये. त्या रात्री चंद्र नसतो. संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, दिवाळी लवकर की उशिरा आली त्याप्रमाणे, कृत्तिका ईशान्येस वर येतात. मध्यरात्रीनंतर एक ते पावणेतीनच्या दरम्यान त्या जवळजवळ माथ्यावर असतात. निर्वाणकल्याणकाच्या जपासाठी जी कुटुंबे त्या रात्री जागतात, त्यांना जप संपवून दोन मिनिटे ओट्यावर येण्याची तसदी पुरे. फटाक्यांचा धूर तोवर खाली बसलेला असतो.

अडचण उजेडाची आहे. रस्त्यावरचे पांढरे दिवे, पेट्रोलपंपाचे झोत, मंदिरांवरील विजेची रोषणाई यांमुळे सहाचे चार होतात आणि चाराचा धुरकट ठिपका. वरोरशेजारच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. बंदराचे लाभ-हानी हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर मच्छीमार बांधवांचे म्हणणे वेगळे आहे. परंतु ते उभे राहून रात्रंदिवस चालू लागले की वायव्येचा काळोख आजच्यासारखा राहणार नाही, एवढे निश्चित. मुंबईत वाढलेल्या कित्येक मुलांनी कृत्तिका एकदाही पाहिलेल्या नाहीत. वरोरच्या मुलांना त्या अजून सहाच्या सहा दिसतात. पाठशाळेच्या मुलांना थंडीच्या दिवसांत एका अमावास्येला किनाऱ्यावर न्यावे, आकडा आधी न सांगता प्रत्येकाला तारे मोजायला लावावे आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून घ्यावा. बहुतेक सहा म्हणतील. एखादी मुलगी सात म्हणेल. तिला चूक ठरवू नये. तैत्तिरीय शाखेतील सातव्या नावाचा धनी तिला सापडला असेल.

शेतकऱ्याच्या पंचांगात सूर्य अकरा मेच्या सुमारास कृत्तिकांत येतो आणि पंचवीस मेच्या सुमारास रोहिणीत जातो. प्रत्यक्षात पुंजक्यापाशी तो वीस मेच्या आसपास असतो. म्हणून एप्रिलच्या अखेरीस संध्याकाळी कृत्तिका वायव्येस समुद्रावर अगदी खाली दिसतात. दररोज जवळजवळ चार मिनिटे आधी मावळत जातात आणि मेच्या आरंभी संधिप्रकाशात दिसेनाशा होतात. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, एक जूनपासून मासेमारी बंद होते. जूनच्या मध्यास कृत्तिका पहाटे पूर्वेस पुन्हा वर येतात, पण तोवर मृगाचे ढग भरून आलेले असतात आणि मेघयंती, वर्षयंती त्यांच्यामागे झाकलेल्या राहतात. पावसाने थोडी उघडीप दिलीच तर पर्युषणाच्या दिवसांत, पहाटेच्या प्रतिक्रमणास निघालेल्यांना त्या डोक्यावर लख्ख दिसतात.